कै. श्रीमती रमाबाई रानडे

सार्वत्रिक निवडणुकीच्या दिवशी आपल्या जालना जिल्ह्यातील शाळांना सुट्टी असते, आणि तरीही शाळांच्या आवारात सकाळपासून गर्दी जमते. वर्गातील बाके भिंतीशी सरकवलेली असतात. दाराशी पुरुषांची एक व स्त्रियांची एक अशा दोन रांगा लागतात. स्त्रियांच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेली आजी असते व तिच्यामागे कॉलेजात जाणारी नातही असते. हे दृश्य आपल्या इतके परिचयाचे झाले आहे की, ही दुसरी रांग कोणी व किती श्रमाने उभी केली, हा प्रश्न आपल्या मनास शिवतही नाही. ज्या थोड्या व्यक्तींना या रांगेचे श्रेय द्यावे लागेल, त्यांत कै. रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी येईल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्यांना सारे ओळखतात. पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापिका म्हणूनही पुष्कळजण ओळखतात. परंतु मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी जी खटपट केली, तिची आठवण फारच थोड्यांना आहे. यास्तव त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

रमाबाईंचा जन्म सन १८६२ मध्ये देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव हल्लीच्या सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळी चांगल्या कुळातल्या मुलीने अक्षर ओळखणे हे लाजिरवाणे समजले जाई. इतकेच नव्हे, तर शिकलेल्या स्त्रीला लवकर वैधव्य येते, अशी भोळी समजूत घरोघर रुजलेली होती. त्यामुळे यमुनेच्या हाती पाटीपेन्सिल कोणी दिली नाही. सन १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह माधवरावांशी झाला व ती रमाबाई झाली. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांची प्रथम पत्नी थोड्याच महिन्यांपूर्वी निवर्तली होती. सुधारकांच्या मंडळात त्यांचे स्थान मोठे होते, आणि त्यांनी एखाद्या विधवेशी पुनर्विवाह करून आपल्या मतांना साजेसा कित्ता घालून द्यावा, अशी स्नेह्यांची अपेक्षा होती. परंतु वडिलांनी हट्ट धरला व पुत्राने मान तुकवली. या गोष्टीबद्दल माधवरावांना जन्मभर दोष लागला, आणि तो अगदीच अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. तथापि ज्या मुलीशी त्यांनी आपल्या मनाविरुद्ध लग्न केले, तिला अज्ञानात ठेवण्याचा अन्याय मात्र त्यांनी केला नाही.

सासरी आल्यावर पहिल्याच दिवसांत पतीने विचारले ते तिला लिहिता वाचता येते की काय, एवढेच. येत नाही असे कळताच पाटी आली, मुळाक्षरे आली, आणि न्यायाधीशाच्या त्या घरात रात्रीच्या वेळी एक चिमुकली शाळा भरू लागली. शिक्षक थोर विद्वान व विद्यार्थिनी अकरा वर्षांची. दिवसभर घरकाम करून थकलेली मुलगी आणि दिवसभर कचेरीचे काम करून आलेला गुरू! पुढे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजातील एक शिक्षिकाही शिकवण्यास येऊ लागली. थोड्याच वर्षांत रमाबाई मराठी उत्तम वाचू व लिहू लागल्या.

परंतु ही विद्या सुखाने मिळाली नाही. घर मोठे होते. त्यात माधवरावांच्या सावत्र मातोश्री, विधवा बहीण व नात्यातील इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. माधवरावांना उघड विरोध करण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हा सारा राग सुनेवर निघे. टोमणे, अबोला, मुद्दाम सांगितलेली जादा कामे, सर्व बायकांनी एकीकडे बसून तिला एकटी पाडणे, हे नित्याचे झाले. नवऱ्याने सांगितले तरी हलकेच टाळावे, म्हणजे तो आपोआप कंटाळेल, असा उपदेशही तिला होई. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, पतीकडे गाऱ्हाणे नेले नाही, आणि धडाही चुकवला नाही. या तिन्ही गोष्टी एका वेळी साधणे किती कठीण, हे ज्या मुलींना घरच्यांच्या मनाविरुद्ध शिकावे लागते त्यांनाच कळेल.

मराठी झाल्यावर इंग्रजीची पाळी आली. त्यासाठी एक इंग्रज बाई घरी येऊ लागली. आता तर घरात धर्मच बुडाला, असे वृद्धांस वाटले. मडमेशेजारी बसून शिकल्यावर स्नान केल्यावाचून घरात वावरू नये, असा दंडक पडला. रमाबाईंनी तोही पाळला. आज आपणांस याचे हसू येईल. परंतु क्षणभर थांबून विचार करावा. एका भाषेच्या प्रत्येक धड्यासाठी जिला अंगावर पाणी ओतून घ्यावे लागले, तिला त्या भाषेतील एकेका शब्दाची किंमत किती वाटली असेल! माधवरावांची बदली नाशिक व धुळे येथेही झाली होती. तेथे मोठ्या कुटुंबाची जाच नसल्यामुळे अभ्यासाला वेग आला. माधवरावांची दृष्टी मंद होती. म्हणून वर्तमानपत्रे व पुस्तके त्यांना वाचून दाखवण्याचे काम रमाबाईंकडे आले. अशा रीतीने देशाच्या कारभाराची चर्चा, कायदे, कौन्सिले, जमाबंदी, दुष्काळ हे विषय त्यांच्या कानांवरून, नव्हे त्यांच्याच मुखातून, रोज जाऊ लागले. राजकारण हा पुरुषांचा प्रांत, हे वाक्य त्यांना पुढे कधीच पटले नाही, याचे मूळ बहुधा येथेच असावे.

सन १८८२ मध्ये पुण्यास दुसऱ्या एका रमाबाई आल्या. त्या पंडिता रमाबाई. संस्कृत विद्येत पारंगत, नुकतेच वैधव्य आलेल्या, कडेवर लहान मुलगी, आणि शेकडो पुरुषांपुढे निर्भयपणे बोलणाऱ्या. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या साप्ताहिक सभांना जाणाऱ्या पहिल्या स्त्रियांत रमाबाई रानडे होत्या. घरात अर्थातच वादळ उठले. परंतु एक स्त्री ग्रंथांचा आधार घेऊन सभेत बोलू शकते, हे या सभांत त्यांनी प्रथम पाहिले. एका वर्षातच पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या व तेथे १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. पुढे त्यांनी शारदासदन व केडगावचे मुक्तिसदन उभारून अनाथ स्त्रियांचे जे कार्य केले, ते आपणा ख्रिस्ती मंडळीत सर्वश्रुतच आहे. शारदासदनाच्या सल्लागार मंडळात माधवराव होते. तेथील काही मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ साली ते मंडळातून बाहेर पडले. दोन रमाबाईंच्या वाटा येणेप्रमाणे निरनिराळ्या झाल्या. एकीने घर, जात व जुना धर्म यांच्या भिंतीबाहेर येऊन काम केले. दुसरीने त्या भिंतींच्या आत राहून एकेक दार उघडले. आपल्या मंडळीला पहिल्या रमाबाई जवळच्या वाटाव्यात, हे स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या रमाबाईंचे धैर्य त्यामुळे कमी ठरत नाही. जिला संध्याकाळी त्याच घरात परतून त्याच माणसांना वाढावयाचे असते, तिचे धैर्य वेगळ्या जातीचे असते.

या धैर्याची कसोटी १८८४ साली लागली. पुण्यास मुलींसाठी हायस्कूल निघावे, म्हणून मोठी सभा भरली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन तीस आले होते. त्या सभेत रमाबाईंनी उभे राहून इंग्रजीतून निवेदन वाचले. त्याच वर्षी हुजूरपागेची शाळा सुरू झाली व महाराष्ट्रातील मुलींच्या कित्येक पिढ्या तेथे शिकल्या. सभा यशस्वी झाली खरी; परंतु घरी परतल्यावर रमाबाईंच्या वाट्याला कौतुकाऐवजी बोलणी आली. भर सभेत परपुरुषांपुढे उभे राहून इंग्रजी वाचणारी सून ही घराला कलंक वाटली. त्यांना रडू आवरेना. माधवरावांनी त्या वेळी दिलेला सल्ला त्या कधी विसरल्या नाहीत. त्याचा आशय असा की, मोठ्यांच्या बोलण्याचा राग मानू नये व उलट बोलू नये. परंतु आपणांस योग्य वाटते ते कार्य सोडूही नये.

सहन करणे आणि न सोडणे, ही दोन चाके रमाबाईंच्या आयुष्याच्या गाड्याला शेवटपर्यंत राहिली. मात्र केवळ सहन करणे म्हणजे सद्गुण नव्हे, हेही त्यांना एका प्रसंगाने शिकवले. सन १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये एका समारंभानंतर पाहुण्यांना चहा देण्यात आला. माधवराव व इतर प्रतिष्ठित गृहस्थ तेथे होते. ही बातमी छापून येताच पुण्यात काहूर उठले, आणि ख्रिस्ती लोकांच्या हातचा चहा हा धर्मसभेपुढील खटल्याचा विषय झाला. शेवटी १८९२ साली माधवरावांनी आप्तेष्टांचा छळ टळावा म्हणून प्रायश्चित्त घेतले. मनाला न पटणारी गोष्ट दुसऱ्यांच्या सुखासाठी करावी की काय, हा प्रश्न सोपा नाही. रमाबाईंच्या मनाला हे प्रायश्चित्त फार लागले. पतीवरील त्यांची भक्ती अढळ होती. परंतु भक्ती असूनही मन स्वतंत्र असू शकते, हे या प्रसंगी दिसून आले. ज्या पतीने त्यांना विचार करावयास शिकवले, त्याच्याच कृतीविषयी त्या स्वतंत्र विचार करू लागल्या, यात त्या गुरूचाही गौरवच आहे.

सन १८९३ मध्ये माधवराव मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. मुंबईत रमाबाईंचे सार्वजनिक कार्य वाढले. परंतु १६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचा अंत झाला. रमाबाई तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या. पुण्यास परत येऊन त्यांनी सुमारे एक वर्ष स्वतःला घरात कोंडून घेतले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विधवेचे आयुष्य तेथेच संपावयाचे. रमाबाईंचे तसे झाले नाही. वर्षानंतर त्या बाहेर पडल्या त्या प्रथम येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटण्यासाठी. त्यांच्याजवळ बसावे, त्यांचे सुखदुःख ऐकावे, चांगले चार शब्द वाचून दाखवावे, असा क्रम त्यांनी ठेवला. रुग्णालयांतही त्या जात. आळंदीच्या यात्रेत वारकऱ्यांच्या सेवेसाठी त्यांनी स्त्रियांना नेले. आजाऱ्यास व बंदिवानास भेटणे ही सेवा आपल्या प्रभूने आपणांस सांगितली आहे. ती त्यांनी आपल्या धर्मात राहून मनोभावे केली.

सन १९०४ च्या डिसेंबरात मुंबईस भारत महिला परिषद भरली व तिचे अध्यक्षपद रमाबाईंना देण्यात आले. मुंबईस मलबारी व दयाराम गिदुमल यांनी काढलेल्या सेवासदनाच्या धर्तीवर त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. त्यासाठी त्यांनी आपले राहते घर दिले. भारत सेवक समाजाचे श्री. गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यात त्यांचे उजवे हात होते. ज्या स्त्रियांना शाळेचे वय उलटल्यामुळे अक्षर मिळाले नव्हते, त्यांच्यासाठी येथे वर्ग निघाले. शिवण, संगीत, शिक्षिकांचा अभ्यासक्रम व परिचारिकांचे शिक्षण ही कामे एकामागून एक सुरू झाली. उच्च जातीच्या विधवेने परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी, ही कल्पना त्या वेळी पुण्यास सहन होईना. निंदा पुष्कळ झाली. तथापि रुग्णालयात काम शिकलेल्या या भगिनी स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. सन १९१० मध्ये रमाबाईंनी पतीसह घालवलेल्या दिवसांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. मराठीतील आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान आजही वरचे आहे. ज्या मुलीला अकराव्या वर्षापावेतो एक अक्षर येत नव्हते, तिचे हे पुस्तक होय.

आता मताधिकाराकडे वळू. ही मागणी रमाबाईंनी एकाएकी केली नाही. ती मुलींच्या शाळेच्या वाटेने आली. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला व नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची मोकळीक मिळाली. पुण्यात लगेच वाद पेटला. पैसा अपुरा आहे, म्हणून सक्ती आधी मुलांपुरती करावी व मुलींचे मागाहून पाहावे, असे वजनदार पुढाऱ्यांचे म्हणणे पडले. मुलींनी किती दिवस मागे राहावे, असा प्रश्न रमाबाईंना पडला. सन १९२० मध्ये मुलींनाही सक्तीचे शिक्षण मिळावे म्हणून पुण्याच्या रस्त्यांतून स्त्रियांची मिरवणूक निघाली व तिच्या अग्रभागी साठीला टेकलेल्या रमाबाई होत्या. ज्या पुण्यात एका सभेत इंग्रजी वाचल्याबद्दल त्यांना रडावे लागले होते, त्याच पुण्यात आता त्या शेकडो स्त्रियांना घेऊन रस्त्याने चालत होत्या. येथे एक गोष्ट त्यांना व त्यांच्या सहकारिणींना स्पष्ट दिसली असली पाहिजे. नगरपालिकेत मुलींच्या शाळेचा निकाल जे सभासद लावणार, त्यांना निवडून देण्यात स्त्रियांचा वाटा नाहीसारखाच होता. ज्याचे मत नाही, त्याची गरज नेहमी मागाहून पाहिली जाते.

जगात तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला होता. न्यूझीलंडमध्ये स्त्रियांना १८९३ साली मत मिळाले व फिनलंडमध्ये १९०६ साली. इंग्लंडात पुष्कळ वर्षांच्या झगड्यानंतर १९१८ साली तीस वर्षांवरील काही स्त्रियांना ते मिळाले. सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. हिंदुस्थानात १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ गेले. परंतु मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो कमिटीने स्त्रियांना तूर्त मत देऊ नये, असाच अभिप्राय दिला. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठान या दोघी १९१९ साली लंडनला गेल्या व पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांनी आपल्या भगिनींची बाजू मांडली. अखेर १९१९ च्या कायद्यात मधला मार्ग काढण्यात आला. कायद्याने स्त्रियांना मत दिले नाही. परंतु एखाद्या प्रांताच्या कौन्सिलाने तसा ठराव केल्यास तेथील स्त्रियांना ते मिळेल, अशी सोय ठेवली. म्हणजे दार बंदच होते. फक्त किल्ली प्रांतिक कौन्सिलाच्या हाती दिली, आणि त्या कौन्सिलात सारे पुरुष होते!

मुंबई इलाख्यात ही किल्ली मागण्याच्या कामी रमाबाईंनी पुढाकार घेतला. सभा भरवणे, सभांचे अध्यक्षस्थान स्वीकारणे, सुशिक्षित व अशिक्षित स्त्रियांना विषय समजावून सांगणे, हे काम त्यांनी वयाच्या साठाव्या वर्षी अंगावर घेतले. विरोधकांचे आक्षेप ठरलेले होते. स्त्रियांचे स्थान घरात आहे. बहुतेक स्त्रिया निरक्षर आहेत. पडद्यातील स्त्री मत देण्यास बाहेर कशी येणार. आणि मुख्य म्हणजे, स्त्रियांना स्वतःलाच हा अधिकार कोठे हवा आहे! या साऱ्या आक्षेपांना रमाबाईंचे आयुष्य हेच उत्तर होते. त्यांनी घर कधी मोडले नव्हते. त्या स्वतः निरक्षर होत्या व साक्षर झाल्या होत्या. आणि स्त्रियांना हवे आहे की नाही हे तर भरलेल्या सभांनीच सांगितले. शुभवर्तमानात एका विधवेची गोष्ट आहे. ती न्यायाधीशाकडे वारंवार जाऊन न्याय मागते, आणि तो कंटाळून का होईना, पण तिला न्याय देतो. न्यायमूर्तींच्या या विधवेचे चरित्र वाचताना ती गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्रावणकोर संस्थानाने १९२० साली, मद्रास इलाख्याने १९२१ च्या आरंभीच्या महिन्यांत, व मुंबईच्या कौन्सिलाने १९२१ च्या जुलैत स्त्रियांवरील मनाई उठवली. सन १९२३ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातील पात्र स्त्रियांना कौन्सिलासाठी प्रथमच मत देता आले. परंतु पात्र या शब्दाकडे आपण लक्ष दिले पाहिजे. मतासाठी शेतसारा, घर अथवा प्राप्तिकर यांची अट होती, आणि स्वतःच्या नावावर जमीन किंवा घर असलेल्या स्त्रिया मूठभरच होत्या. मजुरी करणारी, दळण दळणारी, दुसऱ्याच्या शेतात निंदणी करणारी स्त्री या मतापासून दूरच राहिली. तिचा धनीही राहिला. शिवाय आपले जालना त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मुंबई कौन्सिलाच्या ठरावाचा येथे काही उपयोग नव्हता. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेलची वस्ती वसवून शिक्षणाचे जे बी पेरले होते, त्यातून येथील कित्येक मुली वाचू लिहू लागल्या असतील. पण कौन्सिल निवडण्याचा तो हक्क त्यांच्यासाठी नव्हता. रमाबाईंचे कार्य अपुरे राहिले, असे यावरून कोणी म्हणेल. परंतु स्त्री म्हणून मत नाही, ही अट एकदा मोडली, म्हणजे उरलेल्या अटी मोडण्याचा मार्ग मोकळा होतो.

सन १९२४ मध्ये रमाबाई परलोकवासी झाल्या. सेवासदनात तेव्हा हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. सन १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. दरम्यान त्यांनी मागितलेली गोष्ट पूर्णत्वास गेली होती. सन १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले; १९५० च्या घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीला, ती श्रीमंत असो वा गरीब, साक्षर असो वा निरक्षर, पुरुषाच्या बरोबरीचे मत दिले; आणि १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जालन्याच्या स्त्रियाही रांगेत उभ्या राहिल्या.

त्या पहिल्या निवडणुकीची एक हकीकत प्रत्येक विद्यार्थिनीने ध्यानात ठेवावी. मतदार याद्या तयार होत असताना देशात, विशेषतः उत्तरेकडील प्रांतांत, लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्यांनी लिहवून घेतले. परपुरुषाला स्वतःचे नाव सांगणे त्यांना अमर्यादपणाचे वाटले. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. घटनेने हक्क दिला, सरकारने पेटी ठेवली, परंतु नाव नाही म्हणून मत नाही! हक्क मिळणे निराळे आणि तो हाती घेता येणे निराळे. या दोहोंच्या मधे जे अंतर आहे, ते पाटीपेन्सिलीनेच ओलांडावे लागते. रमाबाईंनी आधी अक्षर मिळवले, मग वाचा मिळवली, मग दुसऱ्यांसाठी शाळा काढली आणि त्यानंतर मत मागितले. हा क्रम त्यांनी आयुष्याने घालून दिला आहे.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. मतदाराचे वय १९८९ साली एकवीसवरून अठरावर आले. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत व नगरपालिकांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. तरीसुद्धा आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि त्यांच्या मुलींची शाळा मधेच सुटते. कित्येक मुलींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच उरकले जाते. कायद्याने तो गुन्हा आहे, तरीही. माहेरच्या यादीत नाव घालावयाचे राहून जाते, कारण ती जाणार. सासरच्या यादीत लवकर पडत नाही, कारण ती नवीन. मग निवडणुकीच्या दिवशी तीच मुलगी घरी स्वयंपाक करीत बसते व घरातील इतर सर्वजण मत देऊन येतात. तिचा हक्क कोणी हिरावून घेतलेला नसतो. तिचे नाव लिहिण्याचे तेवढे कोणाच्या लक्षात आलेले नसते.

विद्यार्थिनींनो, थोर स्त्रियांची चरित्रे वाचून नुसते नमस्कार करण्यात फारसा अर्थ नाही. ज्या दिवशी तुम्हांस अठरा वर्षे पूर्ण होतील, त्या दिवसानंतर मतदार नोंदणीचा नमुना क्रमांक ६ आपल्या हाताने, आपल्या अक्षरात, आपले स्वतःचे पूर्ण नाव घालून भरा. घरी आई, आजी, वहिनी यांची नावे यादीत बरोबर आहेत की नाहीत, हे वाचून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या बहिणीची शाळा सुटू लागली, तर माधवरावांनी धरली तशी पाटी तिच्यापुढे धरा. रात्रीचा एक तास पुरे आहे. देवराष्ट्र्याच्या यमुनेला त्याहून अधिक वेळ मिळाला नव्हता.